राखलेली टेकडी आणि सुटलेली वाट : होळकरी मुलखातील वाघ-बिबट्यांचा इतिहास

इंदूर शहर माळव्याच्या पठाराच्या दक्षिण अंगाला वसलेले असून, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीचे हे काळ्या मातीचे पठार महूच्या पलीकडे एकाएकी तुटते आणि विंध्याद्रीच्या कड्यांवरून नर्मदाकाठच्या निमाडात उतरते. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर पावसाचे पाणी दोन दिशांना फुटते; चंबळ तेथून उत्तरेकडे निघते, तर त्याच रांगेतून उगवणारी चोरल दक्षिणेकडे खोल दरी कोरत नर्मदेला मिळते. पठारावर गहू, हरभरा आणि अलीकडे सोयाबीन, खाली निमाडात कापूस आणि मिरची, अशी दोन्ही बाजूंची जमीन नांगराखाली गेली. मधली कड्याकपारींची चिंचोळी पट्टी मात्र नांगराच्या उपयोगाची नसल्यामुळे साग, धावडा, सालई, पळस आणि निमाडच्या बाजूस अंजन या झाडांकडेच राहिली. पश्चिमेला मांडवगडापासून मानपूर, चोरल, उदयनगर, कन्नोद-खातेगाव अशी ही पट्टी पूर्वेला सीहोर-रायसेनच्या जंगलांना जाऊन मिळते. दोन मोठ्या अधिवासांना जोडणारी आणि जनावराला एकीकडून दुसरीकडे जाण्यापुरता आडोसा, पाणी व भक्ष्य पुरवणारी जमीन म्हणजे ‘संचारमार्ग’ किंवा ‘कॉरिडॉर’. विंध्याद्रीची ही पट्टी त्याचे मध्य भारतातील एक उदाहरण असून तिचा इतिहास बहुतांशी होळकरांच्या राज्याशी बांधलेला आहे. त्या इतिहासात एक विसंगती सतत आढळते. राज्यकर्त्यांनी वेळोवेळी जागा राखल्या, परंतु त्या जागांना जोडणाऱ्या वाटा कोणी राखल्या नाहीत. ज्या वाचल्या, त्या भूगोलाच्या अवघडपणामुळे वाचल्या.

या प्रदेशातील मार्जारकुळातील मोठ्या प्राण्यांचा, म्हणजे वाघ, सिंह, बिबट्या आणि चित्ता यांचा, तपशीलवार लेखी पुरावा मोगल काळापासून हाती लागतो. १६१७ साली जहांगीर बादशहाचा मुक्काम मांडवगडावर होता, आणि त्या मुक्कामात नूरजहान बेगमेने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याची नोंद त्याने आपल्या आत्मचरित्रात, ‘तुझुक-इ-जहांगीरी’त, मोठ्या कौतुकाने केली आहे. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही मांडवगडावर राहत होता. रात्री सिंह आपल्या आवारात शिरून मेंढरे उचलून नेतो, असे त्याने रोजनिशीत लिहिले असून, सिंहाला हात लावण्याचा अधिकार एकट्या बादशहाचा असल्यामुळे बंदोबस्तासाठी त्याला दरबाराची परवानगी मागावी लागली. या दोन नोंदींतून दोन गोष्टी कळतात : विंध्याद्रीच्या या टोकाला वाघ आणि सिंह एकाच काळी नांदत होते, आणि हे प्राणी राजाच्या मालकीचे मानले जात होते. यांपैकी पहिली गोष्ट फार काळ टिकली नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात सिंह मध्य भारतातून नाहीसा झाला. दुसरी मात्र संस्थाने विलीन होईपर्यंत टिकली.

जुन्या काळी सर्वत्र घनदाट अरण्य होते आणि पुढे माणसाने ते हळूहळू खाल्ले, अशी एक सरळ उतरती कहाणी या विषयावर लिहिताना सहज रचली जाते. माळव्याच्या कागदपत्रांत ती बसत नाही. यशवंतराव होळकरांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८११ नंतर, पेंढाऱ्यांच्या धामधुमीत आणि दरबारातील बेबंदशाहीत हा मुलूख ओस पडला. ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम याने ‘अ मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात दिलेल्या आकड्यांनुसार १८१७ साली होळकरांच्या ३,७०१ गावांपैकी १,६६३ गावे बेचिराग होती, म्हणजे तेथे दिवा लावायलाही माणूस उरला नव्हता. ओसाड शेतांवर झुडुपे माजली, झुडुपांत रानडुकरे आणि हरणे आली आणि त्यांच्यामागे वाघ आले; परतलेल्या शेतकऱ्यांना आपल्या शेतांसाठी श्वापदांशी झगडावे लागले, असे माल्कमने लिहिले आहे. होळकर आणि इंग्रज यांच्यात मंदसोरचा तह ६ जानेवारी १८१८ रोजी झाला, आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत अनुक्रमे २६९, ३४३ आणि ५०८ गावे पुन्हा वसली. १८२० अखेर ओसाड गावांची संख्या ५४३ वर आली. पठारावरचा वाघ जितक्या वेगाने पसरला होता, तितक्याच वेगाने मागे रेटला गेला. मागे सरायला जागा हवी, आणि ती जागा घाटाची पट्टी होती. पठारावर शांतता असो वा अंदाधुंदी, घाट जंगलाखालीच राहिला, म्हणून पठार हे वाघाचे येते-जाते घर आणि घाट हे कायमचे, असा भेद करणे इतिहासाला धरून होईल.

मंदसोरच्या तहाने होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली आणि शेजारी महूला इंग्रजांची छावणी पडली. अहिल्याबाईंच्या काळी राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला होती आणि पठारावरून तेथे उतरणाऱ्या वाटेवर, कड्याच्या ऐन धारेवर, १७९१ साली जाम दरवाजा बांधला गेला होता. दरवाज्यात उभे राहिले की खाली निमाड पसरलेला दिसतो आणि दोन्ही अंगांना कडे सुरू होतात. चढण सर्वांत सोपी कुठे, हे पाहूनच ही खिंड निवडलेली आहे. जनावरही चढउतारासाठी असाच विचार करते. बैलगाडीची वाट, लमाणांच्या तांड्याची वाट, फौजेची वाट आणि वाघाची वाट घाटात फार दूरदूर असू शकत नाहीत, ही गोष्ट पुढच्या सर्व बांधकामांच्या वेळी महत्त्वाची ठरली, कारण प्रत्येक नवा रस्ता त्याच मोजक्या खिंडी शोधत आला.

घाटातून मोठ्या प्रमाणावर लाकूड निघू लागले ते रेल्वेच्या काळात. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० साली खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले. त्यामुळे हा मार्ग ‘होळकर स्टेट रेल्वे’ म्हणून ओळखला गेला आणि १८७० च्या दशकात टप्प्याटप्प्याने पुरा झाला. पाताळपाणी आणि कालाकुंड यांच्या दरम्यान ही मीटरगेज लाइन बोगद्यांतून आणि तीव्र उतारावरून चोरलच्या खोऱ्यात उतरते. संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज दिल्याची ही गोष्ट इंदूरकर आजही अभिमानाने सांगतात. त्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी आणि इंदुरात उभ्या राहू लागलेल्या वाड्यांसाठी आसपासचा किती साग पडला, हा प्रश्न मात्र त्या अभिमानात सहसा शिरत नाही. नर्मदेच्या पलीकडे इंग्रजी निमाडात जेम्स फॉर्सिथ हा अधिकारी जमाबंदीचे काम पाहत होता. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकात सागाच्या जंगलांचे आणि वाघाच्या शिकारीचे विस्तृत वर्णन असून, पुनासा भागातले सागवान राखून ठेवण्याच्या कामाशी त्याचे नाव जोडलेले आहे. राखीव जंगल या कल्पनेचा या भागातील आरंभ त्या काळात शोधावा लागतो. ती कल्पना लाकडासाठी होती. वाघाला तर सरकार उपद्रवी जनावर समजून मारणाऱ्याला बक्षीस देत असे. १८७५ ते १९२५ या काळात हिंदुस्थानात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असा अंदाज इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे.

संस्थानी मुलखात बक्षिसाऐवजी मक्तेदारी होती. वाघ मारण्याचा मान राजाचा आणि त्याच्या पाहुण्यांचा, आणि त्या मानाची व्यवस्था पाहण्यासाठी शिकारखाना नावाचे स्वतंत्र खाते. हाक्याची रीत मध्य भारतात सर्वत्र सारखीच होती. पहाटे माग काढणारे गारा उचलत, म्हणजे वाघाने रात्री मारलेल्या जनावराचा ठावठिकाणा लावत. पोट भरलेला वाघ उन्हाच्या वेळी कोणत्या नाल्यात, कोणत्या डोहाजवळ पडून राहील, हे ठरवून त्या नाल्याच्या तोंडाशी मचाण बांधले जाई, आणि शेकडो हाकेवाले अर्धचंद्राकार रांग धरून ढोल, थाळ्या आणि आरोळ्यांच्या गजरात पुढे सरकत. दोन्ही अंगांच्या झाडांवर काही माणसे मुकाट बसवलेली असत. वाघ बाजूने फुटू लागला की त्यांनी फांदीवर हलकेच काठी वाजवायची. मोठा आवाज झाला तर तो बिथरून उलट फिरतो आणि काहीच केले नाही तर निसटतो. या सगळ्या खटाटोपाचे मर्म एकाच माहितीत होते : वाघ कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या वाटेने निघून जाऊ पाहतो. ती माहिती भिल्ल आणि भिलाला मागकऱ्यांकडे तोंडी होती. शिकारीचे छायाचित्र काढले जाई, वाघाची लांबी मोजली जाई, परंतु वाट नकाशावर उतरवण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण वाघ मेल्यावर वाटेचे काम संपत असे.

इंदूरच्या वेशीवरच्या रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे. शिकारगाह म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेले रान आणि त्यातली मुक्कामाची इमारत. अशा जागांनी काही जंगल वाचले, हे मान्य करायला हवे. सामान्य माणसाला लाकूडतोड आणि शिकार मना असल्यामुळे गावाशेजारीही झाडे उभी राहिली. इतर मराठी संस्थानांत याच मालकीच्या भावनेतून चमत्कारिक प्रयोगही झाले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूर भागातील जंगलात सोडले; ते गुरांवर आणि माणसांवर तुटून पडू लागल्याने तो प्रयोग फसला. कोल्हापूर दरबारात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवली जाई. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवून कळपाच्या जवळ न्यायचा आणि ऐन वेळी टोपी काढून सोडायचा, अशी ती पद्धत. पुढे देशी चित्ता मिळेनासा झाला, तेव्हा कोल्हापूरला आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. काळविटे होती, दरबाराची हौस होती, पैसाही होता. फक्त चित्त्याला लागणारा सलग गवताळ मुलूख उरला नव्हता. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले आणि इंदूर संस्थान त्यात विलीन झाले. शिकारीची मक्तेदारी मोडली, पण तिच्या जागी लगेच संरक्षण आले नाही. मधली वीस-बावीस वर्षे जीपगाडी, प्रखर दिवे आणि परवान्याच्या शिकारीची होती. १९५५ साली पूर्वीच्या होळकरी नेमावर भागातील कन्नोदजवळ खिवनी अभयारण्य झाले, हा त्या काळातला ठळक अपवाद. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी १९७० साली आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मध्य प्रदेशातील कान्हा आणि महाराष्ट्रातील मेळघाट होते. विंध्याद्रीचा हा पट्टा नव्हता. रालामंडलची शिकारगाह १९८९ साली अभयारण्य झाली. तिचे क्षेत्र जेमतेम २.३५ चौरस किलोमीटर आहे. एका नर बिबट्याचा वावर याहून कितीतरी मोठ्या प्रदेशात असतो, त्यामुळे रालामंडलमध्ये दिसणारा बिबट्या हा रालामंडलचा रहिवासी मानणे चुकीचे ठरेल. तो तिल्लोर, चोरल, महू या बाजूंनी येणारा आणि जाणारा प्राणी आहे. कायद्याने राजाची टेकडी तिच्या जुन्या हद्दीसह उचलली आणि तिला नवे नाव दिले. हद्दीबाहेर इंदूरचा बायपास आणि वसाहती वाढत गेल्या, आणि अभयारण्य भोवतालच्या रानापासून तुटत चालले.

याच काळात दक्षिणेला नर्मदेवर दुसरी मोठी उलथापालथ होत होती. फॉर्सिथच्या पुनासाजवळ इंदिरा सागर धरण बांधले गेले; २००४ साली हरसूद हे गाव उठले आणि २००५ साली धरण पूर्ण झाले. जलाशयाखाली सुमारे ९१ हजार हेक्टर जमीन गेली, तीत सुमारे ४० हजार हेक्टर जंगल होते. १९८७ साली प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली ती अटींसह, आणि बुडणाऱ्या जंगलाच्या भरपाईदाखल ओंकारेश्वर परिसरात संरक्षित क्षेत्र करण्याची योजना त्यातून पुढे आली. धरण झाले, वीज आली, कालव्यांना पाणी आले. संरक्षित क्षेत्राचा प्रस्ताव तीन दशकांहून अधिक काळ फायलींतून फिरत राहिला. अशा विलंबाला निव्वळ दिरंगाई म्हणणे सौम्यपणाचे होईल, कारण जलाशयाने नदीच्या दोन्ही काठांमधली जुनी उताराची ठिकाणे बुजवली होती आणि उरलेल्या जंगलाचे महत्त्व त्यामुळे वाढले होते.

जागेइतकीच वाट महत्त्वाची, हा विचार शास्त्राच्या आणि कायद्याच्या भाषेत उशिरा आला. वाघाचा बछडा साधारण दोन वर्षांचा झाला की आईचे क्षेत्र सोडतो. नर तर हमखास दूर जातो. त्याला जाता आले नाही तर जुन्या नरांशी झुंज होते, किंवा पिढ्यान्‌पिढ्या आप्तसंकर होऊन कुळ दुबळे पडते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, विष्ठेतील जनुकांवर आधारलेल्या अभ्यासातून सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा येथील वाघ जंगलपट्ट्यांमुळे एकमेकांशी रक्तसंबंध टिकवून आहेत, हे दिसून आले. त्याआधी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले होते आणि दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या जमिनीचा उल्लेख प्रथमच कायद्यात आला होता. महाराष्ट्राच्या वाचकाला याचे जवळचे उदाहरण जळगाव जिल्ह्यात सापडते. मेळघाटातून अंबाबरवा, बऱ्हाणपूर आणि यावल या दिशेने जाणाऱ्या वाघांची वाट मुक्ताईनगरजवळच्या वढोदा जंगलातून जाते, आणि तेथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र झाले आहे. इंदूरहून दक्षिणेला जाणारा महामार्ग इच्छापूरमार्गे याच मुक्ताईनगरला, म्हणजे जुन्या एदलाबादला, पोचतो. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकाच प्रकारचा प्रश्न उभा आहे.

दरम्यान वाघाने कागदाची वाट पाहिली नाही. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ आणि ३,९०७ बिबटे आढळले. दोन्ही आकडे देशात सर्वाधिक. भोपाळच्या दक्षिणेची रातापाणीची जंगले भरू लागली, तसे तरुण वाघ सीहोर-देवासच्या जंगलांतून खिवनीकडे आणि पुढे उदयनगर-चोरलच्या घाटाकडे सरकू लागले. मे २०२३ मध्ये महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या आवारातील कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मलेंडीच्या बाजूला एक वृद्ध ग्रामस्थ वाघाच्या हल्ल्यात मरण पावला. वर्तमानपत्रांनी छावणीत वाघ शिरल्याचे लिहिले. १८१८ पूर्वी तेथे छावणी नव्हती, इतकी तरी दुरुस्ती इतिहासकाराने सुचवायला हरकत नसावी. मात्र ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला पूर्वीच्या वहिवाटीचा दाखला देऊन भागत नाही. भरपाई वेळेवर मिळणे आणि गुराख्यांना वाघाच्या वावराची आगाऊ खबर मिळणे यावरच अशा गावांची सोशिकता अवलंबून असते. डिसेंबर २०२४ मध्ये रातापाणी व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे १,२७१ चौरस किलोमीटर असून त्याला भीमबेटकाची चित्रित गुहाश्रये उजेडात आणणारे, नीमचचे मराठी पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांचे नाव देण्यात आले. दुसऱ्या टोकाला, होळकरांच्या जुन्या रामपुरा-भानपुरा परगण्यातील गांधीसागर अभयारण्यात, २० एप्रिल २०२५ रोजी दोन आफ्रिकी चित्ते सोडले गेले. भानपुऱ्यात यशवंतराव होळकरांची छत्री आहे. कोल्हापूरने आफ्रिकेचे चित्ते मागवले ते शिकारीसाठी, इथले आले आहेत ते वंश वाढवण्यासाठी. कुंपणाबाहेरच्या सलग गवताळ मुलखाची अडचण मात्र दोन्ही वेळा तीच.

घाटात आता नवे काम सुरू आहे. तुकोजीरावांच्या मीटरगेज लाइनचा महू-सनावद भाग २०२३ साली ब्रॉडगेजसाठी बंद झाला, आणि नवी लाइन सौम्य चढासाठी वेगळ्या वाटेने, बोगद्यांतून नेली जात आहे; इच्छापूर महामार्गावरही भेरूघाट आणि चोरल भागात बोगदे आहेत. डोंगराच्या पोटातून जाणारा बोगदा वरची वाट मोकळी ठेवतो, म्हणून उघड्या घाटरस्त्यापेक्षा तो जनावराला सोयीचा ठरू शकतो. अडचण असते ती बोगद्याच्या तोंडाशी : खोल कापलेले डोंगर, नाल्यात टाकलेला राडारोडा, रुळांभोवतीचे कुंपण आणि बोगदा झाल्यावरही चालू राहणारा, ढाबे-हॉटेलांनी भरत जाणारा जुना रस्ता. ही पट्टी धार, इंदूर, बडवाह, देवास आणि सीहोर अशा निरनिराळ्या वनविभागांत वाटलेली असून, प्रत्येक विभागाची स्वतंत्र कार्य आयोजना, म्हणजे कोणत्या कक्षात कधी तोड करायची, कुठे लागवड करायची आणि कुठे चराई बंद ठेवायची याचा दहा वर्षांचा आराखडा, असते. एका विभागाच्या हद्दीवर संपणारा नाला शेजारच्या विभागाच्या आराखड्यात पुढे चालू राहिलेला दिसत नाही. पूर्वी मागकऱ्यांच्या तोंडी असलेली वाट नोंदवण्यासाठी हे आराखडे एकमेकांशेजारी ठेवून वाचणे हे पहिले काम आहे. ते नवे अभयारण्य घोषित करण्यापेक्षा कमी खर्चाचे आहे, आणि त्याला उद्‌घाटन लागत नाही, म्हणूनच कदाचित ते मागे पडले आहे.